पित्त

आण इकडं. पिशवीत का कोंबलाईस?
प्लास्टिकात मासा घामेजतोय, तासाभरात वास मारतोय.
ओल्या गोणपाटात गुंडाळायचा, सावलीला ठेवायचा.
एवढंबी सांगितलं न्हाई व्हय तुला
गंगावेशीत गळ विकणाऱ्यानं?

बस, अवधूत. त्या दगडावर नको,
तो आनुसा आत्तीचा. माझी सासू.
तिथं फक्त इळी बसती.

आधी शिंगटी.
हिला तीन काटे. दोन कानशिलाला, एक पाठीवर.
जीव गेला म्हणून काटा मरत न्हाई.
पकडीनं मोड, मगच हात लाव.
आमच्या मालकाचा अंगठा बघितलाईस?
शिरोलीला फौंड्रीत चिरडला म्हणून सांगतोय लोकांस्नी.
शिंगटीनं केलंय ते.

राख घे. चुलीची, चाळलेली.
बुळबुळ जाईस्तोवर चोळ.
रोहूला राख नको, त्याला खवलं.
शेपटाकडनं डोक्याकडं, इळीच्या पाठीनं,
घमेल्यात पाण्याखाली धरून,
म्हंजे उडत न्हाईत
आणि रात्री उशीवर सापडत न्हाईत.

आता पोट.
थांब जरा. हात पूस.
खालच्या भोकापासनं गळ्यापर्यंत, वरवर.
टोक आत रुतवायचं न्हाई.
निजलेल्या पोराची कुंची सोडवतात, तसं.

ते बघ, काळजाला चिकटलेलं,
हिरवं, द्राक्षाएवढं.
ते फुटलं की मासा गेला.
पाण्यानं जात न्हाई, लिंबानं जात न्हाई,
तांबड्या रश्शात सुद्दा लपत न्हाई.

लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मी फोडलं.
सहा किलोचा कटला,
नणंदेचा नवरा पहिल्यांदा जेवायला आलेला.
आत्ती काय बोलली न्हाई.
सगळ्यांच्या आधी तिनं घास घेतला, गिळला,
म्हणाली, "मेथी जास्त पडली माझ्या हातनं."
जावयानं दोनदा रस्सा घेतला.
मी चुलीकडं तोंड करून बसले.
अजून इथवर आलं की
माझा हात आपोआप हळू होतोय.

कल्ले काढ. लाल हायत? मग चांगलं.
मणक्याखाली काळं रगत असतंय, नखानं खरवड.
पोटातली काळी साय पण.
धुवायचं ते आत्ताच, अख्खा असताना.
तुकडं करून धुतलास
तर चव पंचगंगेला, चोथा तुला.

आं, आं! आतडी पाण्यात न्हाई.
नदीला काय कमी देतोय आपण?
शेवग्याच्या बुडात खड्डा हाय. वर माती लोट.

आणखी एक.
हे आत्तीनं सांगितलं न्हाई,
तिच्या वेळेला लागलंच न्हाई.
उन्हाळ्यात एखाद्या सकाळी
या शिंगणापूरच्या बंधाऱ्याला
मासे आपणहून वर आलेले दिसतील,
पांढरी पोटं, काठभर.
माणसं घमेली घेऊन पळत येतील,
कोण लुगड्याची झोळी करून,
फुकट हाय म्हणून.
तू कल्ला उघडून बघ.
शिळ्या चहाचा रंग असतोय त्याला.
त्यातला एकबी कापायचा न्हाई,
चिमटीएवढाबी न्हाई,
मांजराला सुद्दा न्हाई.
त्या दिवशी मी इळी धुवून
दगडावर पालथी घालते
आणि शेंगदाण्याची आमटी करते.
खाताना कोण बोलत न्हाई घरात.

घे. मीठ-हळद लावून झाकून ने.
पैसे? किलोला वीस, कापायचं.
शिकवायचं काय न्हाई.
पुढच्या खेपेला शिंगटी गावली
तर पकड तुझी तू आण.
ही मालकाची.
नुसती दिसली तरी
त्याचा अंगठा ठणकायला लागतोय.