कोनता गा?

मांढरे सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले.
हे बारके आहेत, म्हणाले, पण मार्क यांच्यातच जातात.
पहिले दोन म्हणजे कोणताही,
तिसरा म्हणजे ठरलेला.
मधल्या सुट्टीत निलकंठ श्रीरामे म्हणाला,
"आपल्या भाषेत कुठं हायेत वं हे?"

आपली म्हणजे आमच्या दोघांची,
तेंदूफळीच्या जुन्या रजिस्टरात मागून लिहीत आणलेली.
शब्द एकशे चाळीस. पाणी: रुम. बकरी: झिपे.
मोहफूल चोरून खाण्याला वेगळं क्रियापद.

मी म्हटलं, नको.
मराठीचं अडलं का?
माय म्हणते बोडीवर जा,
मी दुसऱ्याच बोडीवर जाते का कधी?
म्हणते कुत्रं शिरलं घरात,
मी विचारत बसते का कोणतं?
उगा चिल्लर कशाला भरायची खिशात.

"एकच अक्षर ठेवू," तो म्हणाला, "शेवटी.
तुले अन् मले, दोघायलेबी म्हाईत असन
त्याच्यामांगं: ना."
मी खोडलं. पेन माझा होता.

त्याच चैतात, बोडीच्या पाळीवर.
आम्ही पळसाआड, लंगडी झिपे उघड्यावर.
डाव्या कानाची कड फाटलेली.
त्यानं आधी आम्हाला पाहिलं,
पाहून झाल्यावर तिला उचललं,
घाई न करता.
घरी सांगितलं, हरवली.
रजिस्टरात एक शब्द वाढला: कासा.
अर्थाच्या रकान्यात
दोघांनीही काही लिहिलं नाही.

आता मी वर्ध्याला, वीजबिलाच्या खिडकीमागं.
तो जंगलखात्यात रोजंदारीवर,
झाडांना कॅमेरे बांधतो.
सव्वीस वर्षांनी परवा रात्री मेसेज आला:
कासा.

नुसतं. पुढं-मागं काही नाही.
तिकडे तर आता रोजच दिसतात म्हणे,
नंबर असतात त्यांना.
आणि फाटक्या कानाचा कधीच गेला असणार,
वाघ एवढा जगत नाही.
मग हा कुठला तरी, वाटेत दिसलेला?
की माझं ऐकून अजून
अक्षर गाळतो हा माणूस?

लिहिलं: कोनता गा?
पुसलं.
मग ते खोडलेलं अक्षर लिहिलं, एकटंच,
आणि पाठवलं.

मराठीत वाचलं तर तो नकार होतो,
हे नंतर लक्षात आलं.