बारा छेद बारा

परिपत्रकात शब्द होता : मिश्र अध्ययन.
स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं,
मिश्र अपूर्णांकासारखं का हो?
हसलो, आणि चहा संपायच्या आत वेळापत्रक झालं :
सोम-बुध-शुक्र तुर्भ्याची शाळा,
मंगळ-गुरू फोनमधली मी.

फोनमधली मी स्वयंपाकघरात उभी असते,
फ्रिजवर चिकटवलेला कागद,
नळाला पाणी यायची वेळ टाळून.
दोन छेद तीन अधिक एक छेद चार.
सातव्या मिनिटाला मार्कर न अडखळता लिहून जातो
बारा छेद बारा.
“म्हणजे पूर्ण एक. समजलं?”
आणि कुणीच नाही म्हणत नाही.

गुरुवारी रात्री यादी उघडली.
बेचाळीस नावं. एकोणीस हिरवी, ‘पूर्ण’.
बाकीच्यांचे फोन कामावर असतील.
अंबिका पाचंगे : तेच अर्धं मिनिट, अकरा वेळा.
वहीत तिच्या नावापुढे पेन्सिलनं लिहिलं,
अपूर्णांक कच्चे.

शुक्रवारी डब्याच्या सुट्टीत ती आली.
फोन तिच्या बापाबरोबर रात्रपाळीला जातो,
कांदा-बटाटा मार्केटात गोण्यांवर पडून राहतो,
सकाळी परततो तेव्हा कव्हरात कांद्याचं साल,
आणि काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा.
“बाई, मला वाटलं तडा आकड्यावर येतोय,
म्हणून अकराचे बारा दिसतायत.
फोन वाकडा केला, आडवा केला,
ओढणीनं पुसला. तरी बाराच.”
मग खाली बघून,
“माझंच चुकत असेल.”

फळ्यावर चुकते तेव्हा मुलं ओरडतात,
मी डस्टर फिरवते,
चूक भुकटी होऊन साडीवर बसते
आणि घरी पोचेपर्यंत झटकलीही जाते.
ही तशी जाणार नव्हती.
एकोणीस जणांनी गिळली होती, पूर्ण एक म्हणून.

खडू तिच्या हातात दिला.
आठ. अधिक तीन. बोटं मोजली नाहीत तिनं.
माझ्या बारावर काट मारायला हात धजेना,
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, अकरा.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
“मग एक कुठं गेला?”
“गेला नाही रे,” ती म्हणाली, “नव्हताच.”

व्हिडिओ मी काढलेला नाही.
सातव्या मिनिटाला खाली एक ओळ टाकली आहे :
इथं थांबा. बाई चुकल्या आहेत. शोधा.
तिच्या फोनवर ती ओळ नेमकी तड्याखाली येते.
वाचता येते, म्हणाली.