सेकंदाला बारा

जुन्या बाजारातल्या अल्बमचं काळं पान,
त्याच्यावर कुणाचं तरी लग्न चिकटवलेलं होतं.
त्यातून म्हैस कापली.
फोटोच्या चार कोपऱ्यांचे डाग अजून तिच्या पाठीवर आहेत.
पाय वेगळे, गुडघे वेगळे,
शेपूट तीन तुकड्यांत,
सांध्यांना दोरा, मागून गाठ.
शिंगं चार वेळा कापावी लागली.
कात्री वळत नाही तिथं कागद वळवायचा,
हे पाटणे सरांनी एकदाच सांगितलं,
बाकीचं बोटांनी शिकून घेतलं.

शुक्रवार पेठेतली खोली, मे महिना, पंखा बंद.
बंद, कारण म्हैस उडते.
खिडकीला तबस्सुमची चादर, कारण ऊन सरकतं,
आणि सरकलेलं ऊन
म्हशीच्या आधीच गोठ्यात पोचतं.
स्टुलाच्या मोडक्या फळीतून मोबाइल खाली बघतोय.
ढकल. हात काढ. श्वास धर. फोटो.
ढकल. हात काढ.
तबस्सुम वहीत रेघा मारते, पाचापाचाच्या जुड्या,
मध्येच विचारते, "किती चालली गं?"
"एक पाऊल."
"आणि आपण जेवायचं कधी?"
"खांबापर्यंत पोचली की."

चालवून बघितली तर
म्हैस नव्हतीच ती, टेबल होतं, चाकं लावलेलं.
दोन दिवस राबून चार सेकंदांचं टेबल.

मग पहाटे गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर.
सर्जेराव पाडळकर, गुडघ्यांत बादली.
धार न थांबवता मोबाइलकडे बघून म्हणाले,
"ही म्हस न्हवं. ही मोर्चाला चाललीया."
मग उठले, लुंगी खोचली,
आणि ग्लास धरून उभ्या गिऱ्हाइकांसमोर
फरशीवर दोन्ही हात टेकून चालून दाखवलं:
"मागचा डावा. मग फुडचा डावा.
मागचा उजवा. त्येच्या मागनं फुडचा.
आन् मान? मानंला पायाच्या आदी कळतंय बग,
कुटं जायचंय त्ये."
कुणी हसलं नाही.
एका पैलवानानं ओठावरचा फेस पुसला फक्त.
खरी म्हैस मागं वळून
त्यांच्याकडे बघत राहिली, बराच वेळ.

पुन्हा पहिल्या फोटोपासून.
मागचा डावा. श्वास.

तीनशे बाराव्या फोटोनंतर कान हरवला.
स्टूल उचललं, चादर झटकली,
तबस्सुमच्या वेणीत शोधला.
नवा कापला, पण तो तसला काळा होईना,
ते लग्नाचं पान संपलं होतं.
म्हणून शेवटचे पंधरा सेकंद म्हैस एका कानाची आहे.
आणि एका फोटोत माझा अंगठा आला,
नखावर वाळलेला डिंक.
सर म्हणाले, तेवढा काढून टाक.
नाही काढला.
पापणी लवायच्या आत
मी येते आणि जाते.

एकेचाळीस सेकंद झाले.
सर्जेरावांनी बोटं लुंगीला पुसली,
मोबाइल दोन्ही हातांत घेतला, अंडं घ्यावं तसा.
मागचा डावा, फुडचा डावा, पुटपुटत राहिले.
म्हैस पंचगंगेत डुंबून आली,
गल्ली ओलांडली, एका स्कूटरला थांबवलं,
आधी मान वळली, मग ती,
खांबाजवळ येऊन उभी राहिली.
अंधार.
कानाबद्दल काही बोलले नाहीत. अंगठा दिसलाच नसावा.
"संपलं?"
"हो."
"आन् दूध?"
मी गप्प.
"काडायचं न्हाई व्हय? तटलं आसंल की तिला."

आता खोलीत पतंगाचा पांढरा कागद आहे, पातळ,
आणि मी धार कापतेय,
केसाएवढी,
एका सेकंदाला बारा.
बादली अजून कापायची आहे.
पंखा बंद.
तबस्सुमनं न बोलता
नवी वही काढली आहे.