दोरा

शमुवेल रात्रपाळीला शिरोलीत जातो
तेव्हा माझी पाळी इथं, बावड्यात सुरू होते.
त्याला भट्टी. मला तबिथाचा श्वास.

नववीला आहे ती. तिला फिट येते.
सीपीआरमधल्या बाईंनी गोळी वाढवली, म्हणाल्या,
"तिची झोप मोडू देऊ नका."
माझ्या झोपेचं कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

फॉल-पिकोच्या डब्यातला पोपटी दोरा,
कुणाच्या तरी शालूचं काम करून उरलेला,
तीन पदरी वळला
आणि एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, एक माझ्या.
हात झटकला तर कळावं.
अठरा महिने असं.
मळला की नवा. कधी जांभळा, कधी डाळिंबी,
लोकांच्या लग्नांचे रंग
आमच्या मनगटांवर.

प्रार्थना करत नव्हते असं नाही.
रविवारी तिसऱ्या बाकावर, पंख्याखाली
डोळे मिटायचे, पण एकच,
दुसरा तिच्यावर.
पाळकसाहेब म्हणायचे, ओझं त्याच्या पायाशी ठेवा.
ठेवायचे की.
आणि आमेनच्या आधी परत आणायचे धावत,
रिक्षात डबा विसरल्यासारखी.

खरं सांगू प्रभू,
तुझं एक मला कधीच आवडलं नाही.
वादळात, पाणी आत येत असताना,
होडीच्या मागच्या अंगाला
उशीवर डोकं टेकून तू झोपलास.
ज्याच्या भरवशावर सगळे बसलेत
त्यानं असं झोपू नये.
मी तर मुळीच झोपले नसते.

मग तो गुरुवार.
नाताळ आठ दिवसांवर, सतरा साड्या पडलेल्या,
पंचगंगेवरनं आलेलं धुकं खिडकीशी.
एक वाजता मशीन झाकली, गाठ मारली,
आडवी झाले आणि म्हटलं,
हे बापा, हिच्या

वाक्य तिथंच राहिलं.

जाग आली तेव्हा भिंतीवर ऊन.
मनगट रिकामं.
काळजात लक्कन झालं. उठले, पदर पायात आला,
कपाटाची कड कपाळाला लागली.
तबी स्टोव्हपाशी, चहा गाळत.
"किती घोरत होतीस की गं!
तुझा हात खाली लोंबत होता, रग लागली असती,
म्हणून गाठ सोडली मी. तीनला वगैरे."
आणि मग?
"मग काय. बघत बसले थोडा वेळ तुझ्याकडं.
झोपेत तू लहान दिसतीस."

बॉबिनला नीट गुंडाळून
दोरा तिनं माझ्या उशाशी ठेवला होता.

इथं कविता संपवता आली असती.
पण अकराव्या दिवशी तिला शाळेत फिट आली,
प्रयोगशाळेच्या पायरीवर.
मी तेव्हा राजारामपुरीत, अस्तराचं कापड मोजून घेत होते,
साडेतीन मीटर, आणि दर कमी करा म्हणत होते.
माझ्या हाताला काही कळलं नाही.

पोचले तेव्हा ती कुशीवर, घामेजलेली, शांत.
शिपाई मावशी, हसीनाबी नाव त्यांचं,
तिच्याशेजारी फरशीवर बसलेल्या.
त्यांनी स्वतःची ओढणी काढून
चार घड्या घालून
तिच्या डोक्याखाली सरकवली होती.

वाटेत भांडायचं ठरवलं होतं तुझ्याशी.
कुठं होतास, विचारायचं होतं.
त्या घडीकडं बघत राहिले.
उशी.

आता झोपते मी. रोज नाही,
पण झोपते. बाप भट्टीवर, लेक शेजारी,
नदी तिच्या जागी,
आणि अर्धं राहिलेलं वाक्य
माझ्यावाचून पुढं जातं कुठंतरी.

दोरा डब्यात आहे, सुयांच्या खाली.
फेकला नाही अजून.
तुला माहीत आहे ते.
काही म्हणत नाहीस.