नमुना एक, पोतं दुसरं

बुधवारी, हळदीचे सौदे सुरू व्हायच्या आधी
भूपालअण्णा मगदूम माझ्या खुर्चीत बसतात.
मान मागे, डोळे मिटलेले,
धोतराच्या काठाला कालची पिवळी धूळ.
पिशवीतून लाकडी वाटी काढून हातात देतात,
लॉकरची किल्ली द्यावी तशी.

साबण विलायतचा. थोरला लेस्टरला असतो, तो पाठवतो.
त्याच्या आधी मुंबईच्या कुठल्याशा पारशाकडून यायचा.
खोक्यावर मुकुट, मुकुटाखाली सिंह,
आणि सिंहाच्या पायाशी बारीक अक्षरांची ओळ,
तीस वर्षांत आम्ही दोघांनी न वाचलेली.

फेस काय यायचा!
ओला ब्रश चार वेळा फिरवला की
धार काढताना चरवीत चढतो ना, तसा.
गालावर बसला की बसला.
मध्ये वीज जावो, कुणी मयताची बातमी घेऊन येवो,
तो उभाच.
आणि वस्तरा त्यातून जायचा
पहाटे कृष्णेत पहिली होडी जाते तसा,
आवाज न करता.

गेल्या दिवाळीपासून
वाटी तीच, मुकुट तोच, वासही जवळजवळ तोच.
फेस मात्र गालावर पोचेस्तोवर अर्धा,
वस्तरा टेकेस्तोवर पाणी.
अण्णांनी चिमूटभर बोटांत चोळला,
सौद्यात हळकुंड मोडून बघतात, अगदी तसा,
आणि म्हणाले,
"श्रीपती, नमुना एक, पोतं दुसरं.
पेठेत कुणी असं केलं असतं
तर त्याची अडत बंद केली असती मी."

जुन्या खोक्यात मी ब्लेडं ठेवतो.
माझी नात प्राजू केमिस्ट्री शिकते.
तिनं जुनं खोकं, नवं खोकं शेजारी ठेवलं,
मोबाइलचा उजेड पाडला.
"आजोबा, नव्यात पहिलं नाव ताडतेलाचं.
जुन्यात टॅलो."
म्हणजे?
"चरबी. गाईची, मेंढीची. त्यानंच फेस उभा राहायचा.
ती काढली यांनी."

अण्णा.
उंबऱ्यात मुंग्या दिसल्या तर थांबून वाट देणारे.
ज्यांच्या घरी कांदा कधी चिरला गेला नाही.
ज्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
ब्रश नायलॉनचा घे बाबा, केसांचा नको,
जिवाचं काही माझ्या तोंडाला लागायला नको.

त्या रात्री भाकरी मोडली ती तशीच राहिली.

पुढल्या बुधवारी त्यांनी विचारलं,
"काय केलं असेल रे कंपनीनं?"
मी ब्रश झटकला.
"बोअरचं पाणी आहे अण्णा. जड असतं."
ते बराच वेळ आरशात बघत राहिले.
"आणि तुझा हातही गेला."
"हातही गेला," मी म्हटलं.

आता मी साबण अर्धा तास आधी भिजत घालतो,
दोन थेंब ग्लिसरीन टाकतो,
खांदा भरून येईपर्यंत घुसळतो.
एक थर, त्यावर दुसरा थर,
आणि तो मरायच्या आत भराभर हात उरकतो.
मागच्या महिन्यात हनुवटीला काप गेला.
तुरटी लावली. अण्णा काही बोलले नाहीत,
ते जास्त लागलं.

वाटीच्या तळाची जुनी चकती गल्ल्यात आहे,
चार आण्याएवढी.
टाकवत नाही.
त्यांच्या गालाला आता लावता येत नाही.
परवा शटर ओढल्यावर
ती माझ्याच गालावर फिरवली.

आला.
तसाच आला, दाट, पांढराशुभ्र,
जसं काही झालंच नाही.
वाईट होता म्हणायला जीभ रेटत नाही,
चांगला होता म्हणायलाही नाही.
वस्तरा उघडून मी आरशासमोर किती वेळ उभा होतो, कोण जाणे.
बाहेर हळदीचा शेवटचा ट्रक गेला.
पाणी गार झालं.

फेस काही खाली बसला नाही.