बुडबुड्यांकडचे

किल्ल्याच्या दक्षिणेला समुद्र उकळताना दिसतो.
उकळत नाही. हात घालून बघा, गारच आहे.
तळातून वायू येतो, मण्यांच्या सरी सुटाव्यात तसा,
आणि पाणी आंबट करून टाकतो.
इथे शिंपला पातळ होतो,
गोगलगायीच्या पाठीला भोकं पडतात.
चुन्याचं घर बांधणाऱ्यानं
इस्कियाच्या या कोपऱ्यात राहूच नये.

तरी रिच्ची राहतात. पुस्तकातले सी-अर्चिन.
काटे मिटून, खडक धरून.

मी रेस्तितूता. बापाची होडी आता मी चालवते.
नेपल्सची ओर्नेल्ला पाण्यात उतरते,
दोन जाळ्या भरते:
एक बुडबुड्यांकडची,
एक सान पान्क्रात्सिओच्या निवांत खडकाची.
प्रत्येकाचं कणभर मांस शिशीत,
आणि रिच्चो परत पाण्यात.
"जिथला तिथेच, हं," ती बजावते.

बाप म्हणाला, शिशी कशाला, मी चवीवरून सांगतो.
डोळे बांधून पाच खाल्ले.
दोन बरोबर आले.

वर्षानं ओर्नेल्लानं पडद्यावर ठिपके दाखवले,
निळे नि तांबडे, जत्रेसारखे एकमेकांत घुसलेले.
"सगळे एकच की!"
"एकच. फक्त चार-दोन ठिकाणी अक्षर वेगळं.
चुना कसा लिंपायचा,
आंबट कसं बाहेर टाकायचं,
तेवढ्या ओळींत."

अळी महिनाभर वाहते, म्हणाली,
टाचणीच्या टोकाहून लहान.
कुठे टेकेल ते तिच्या हाती नाही;
पदरी पडलं, पवित्र झालं.
मग पाणी निवडायला बसतं.
तगले त्यांची पोरंही इथली होत नाहीत,
प्रवाह त्यांना प्रोचिदाकडे घेऊन जातो,
आणि इथे येतात दुसऱ्यांची, कोरी.
दरवर्षी पहिल्यापासून.

मी विचारलं, "नाही तगले, त्यांची अक्षरं?"
ती शिश्या पुसत होती.
"ती माझ्यापर्यंत येत नाहीत."

परतताना होडीच्या तळाशी
एक रिकामा सांगाडा सापडला, काटे झडलेला.
उन्हात धरला तर आरपार
माझंच बोट दिसलं, तांबूस.
कुठल्या बाजूचा, कोण जाणे.

बाप अजून म्हणतो,
त्या दिवशी लिंबू जास्त पिळलं होतं.