सातवा खंड

सहाव्या खंडाच्या शेवटच्या पानावर
पूल कोसळायला लागतो,
राणीची घोडी बरोबर मधोमध.
त्याला आता अकरा वर्षं झाली.

मध्ये चांदणी चौकातला पूल
एका रात्रीत पाडला,
माझं ऑफिस बाणेरहून खराडीला गेलं,
घोडीचा पुढचा पाय अजून हवेत.

तसे पूर्ण झालेले संचही आहेत घरी.
एक तर चौदा खंडांचा,
कावीळ झाली होती तेव्हा संपवलेला.
बरेच मेले, उरलेल्यांची लग्नं लागली,
शेवटी वंशावळ, नकाशा, आभार.
त्याच्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवते.

लोहोकरेंच्या लायब्ररीत
सातव्यासाठी वहीत नंबर लावतात.
मी दुसरी.
"पहिलं कोण?"
"केळुसकर बाई. धनकवडीच्या."

म्हणजे समासातली पेन्सिल त्यांची!
पान सहाशे बारा: हा मरत नाही, बघाच.
पान सहाशे चाळीस: मेलाच की मेला.

"त्या गेल्या हो, दिवाळीच्या आधी,"
लोहोकरे वही मिटत म्हणाले.
नाव खोडलेलं नव्हतं.
मीही काही बोलले नाही.

लेखक म्हातारा झालाय म्हणे,
पाठ धरते, दिवसाला एक परिच्छेद होतो.
होऊ दे.

निघाले तेव्हा जिन्यातला दिवा गेलेला.
खाली पायरी असणारच असं धरून
पाय टाकला.